बाविस्कर सरांचं मडकं

शाळेत रुजू झाले त्या पहिल्याच दिवशी मी बाविस्कर सरांच्या मडक्यात हात घातला आणि सगळ्या शिक्षकखोलीसमोर माझी शोभा झाली.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीची गोष्ट. जून उजाडला होता, पण अमळनेरचं ऊन काही कागदोपत्री चालत नाही. दोन तास ओळीनं मराठी शिकवून माझ्या घशाला कोरड पडली होती. उत्तरेकडच्या खिडकीत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं दिसलं. वर झाकण, झाकणावर दगड. मी दगड उचलला, झाकण काढलं आणि पेला आत घातला, तर पेला वाळूत रुतला. तेवढ्यात सुपडू नाना, आमचे शिपाई, दारातून ओरडले, "ओ बाई! त्या मडकाले हात नका लावू! त्यामा सरनं औषध शे!"

मडक्यात ओली वाळू होती, वाळूत बसवलेलं दुसरं छोटं मडकं होतं आणि त्यात औषधाची बोटभर बाटली. कोपऱ्यात वह्या तपासत बसलेले एक काटकुळे गृहस्थ उठले, माझ्या हातून झाकण घेतलं, बाटली जागेवर आहे की नाही ते बघितलं आणि म्हणाले, "पाणी तिकडच्या माठात आहे, बाई. ही माझी विद्यार्थिनी. घरावर पत्रे आहेत. दुपारी घराची भट्टी होते, हिला सोसत नाही. म्हणून हिलाही शाळेत घातलंय."

बाटलीत इन्सुलिन होतं. ऐन पंचविशीत सरांना मधुमेह निघाला, तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ते स्वतःच्या हातानं टोचून घेत. फ्रिज अमळनेरात होते, पण ते शेटजींच्या घरी. सर रोज सकाळी ती बाटली ओल्या रुमालात गुंडाळून शाळेत आणत आणि संध्याकाळी घरी नेत. मधली सुट्टी झाली की आधी मडक्यावरचं फडकं ओलं करणार, मग स्वतःचा डबा उघडणार. पोरांनी त्यांचं नाव अर्थातच मडके सर ठेवलं होतं. सरांना ते माहीत होतं. "नाव बरोबर आहे," ते म्हणत, "आपण सगळी मडकीच. फक्त माझं एक बाहेर ठेवलंय."

सर विज्ञान शिकवायचे. दिसायला तसे काहीच खास नव्हते. धोतर सोडून नुकतीच पँट घातल्यासारखी त्यांची पँट, पांढरा शर्ट, खिशात एक लाल पेन आणि कागदात बांधलेला गुळाचा खडा. अंगाला कायम स्पिरिटचा वास. चित्रकला इतकी वाईट, की त्यांनी फळ्यावर काढलेल्या माणसाचे कान बघून पोरं तो कोणत्या शिक्षकासारखा दिसतो यावर पैजा लावत. स्वादुपिंड तर दर वर्षी भरताच्या वांग्यासारखं निघायचं. स्तुतीच्या बाबतीत महाकंजूष. वहीवर त्यांचा लाल शेरा एकच, ‘अपूर्ण’. एकदा एका मुलीनं पन्नासपैकी पन्नास मिळवले, तिच्याही वहीवर ‘अपूर्ण’. मी भांडायला गेले, तर म्हणाले, "पूर्ण झालं म्हटलं की पोरगं वही मिटतं, बाई."

दहावीच्या पुस्तकात ग्रंथींचा धडा होता. तो धडा बहुतेक शाळांत ‘घरी वाचून या’ या सदरात जायचा, कारण त्यात वयात येण्याचा परिच्छेद होता आणि तो आला की मागच्या बाकांवर खोकल्याची साथ यायची. बाविस्कर सर तो धडा आठ तास शिकवत. माझा तास शेजारच्या वर्गात. मधली भिंत फळकुटांची. त्यामुळे भाषा विषयाची पदवीधर असूनही पीयूषिका कुठे असते हे मला आज झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

पुस्तकातला शब्द होता ‘संप्रेरक’. सर तो एकदा फळ्यावर लिहीत आणि म्हणत, "परीक्षेत हाच लिहा. पण कळायला निरोप म्हणा."

मग वर्गाचा रस्ता व्हायचा. पहिला बाक अमळनेर, मधला पारोळा, शेवटचा धुळे. एका पोराला एसटी करायचे. त्याच्या हातात चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव. एसटी घरघर करत सगळ्या बाकांवरून जायची. "आता बघा," सर सांगत, "मज्जातंतू म्हणजे टेलिफोन. फिरवला की लागला. ग्रंथीचं तसं नाही. ग्रंथी निरोप देते रक्ताच्या एसटीत. गाडी सगळ्या थांब्यांवर जाते, सगळे तिला बघतात, पण निरोप घेतो कोण? ज्याच्या नावाचा आहे तोच. बाकीच्यांच्या दारावरून गाडी निघून जाते." हाडांना वाढायचा निरोप, हृदयाला पळायचा निरोप, साखरेला पेशीत शिरायचा निरोप. आणि काम झालं की उलटा निरोपही जातो, ‘आता पुरे’. हापशावर एक जण दांडा मारतो आणि हंडा भरला की दुसरा ओरडतो ‘बस्स!’, तसं. "हा ‘बस्स’ ऐकू आला नाही तर पाणी वाया जातं आणि हंड्याखालून घोरपडीसारखा ओघळ निघतो." घोरपड कुठून आली ते मला कधी कळलं नाही, पण पोरांच्या ते डोक्यात बसायचं.

धड्याचा शेवट ठरलेला. फळा पुसत सर म्हणायचे, "शरीरात आळशी कोणीच नसतं. एखादा काम करत नसेल, तर आधी निरोप पोचला का ते बघा. मग त्याला नावं ठेवा."

हे वाक्य भिंतीपलीकडून मी दोन-तीन वर्षं ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं. कानावर पडणं आणि ऐकणं यात किती अंतर असतं ते पुढे माझ्या लक्षात आलं.

सरांनी मला पहिला धडा दिला तो एका पोराच्या निमित्तानं. नववीच्या वर्गात मी कविता म्हणायला सांगितली आणि एक लांबोडका मुलगा दुसऱ्याच ओळीत कोंबड्यासारखा आरवला. वर्ग खो खो हसला. तो पुन्हा म्हणायला गेला आणि पुन्हा तेच. मला वाटलं, हा मुद्दाम करतोय. वर्गाबाहेर काढला. सर व्हरांड्यातून जात होते. त्यांनी त्याला काहीतरी विचारलं आणि सुट्टीत माझ्याकडे आले.

"बाई, पोराला बाहेर का काढलंत?"

"आवाज काढत होता."

"त्यानं काढला नाही. त्याच्या अंगात निरोप आलाय, गळा मोठा कर म्हणून. गळ्याचं बांधकाम चालू आहे. बांधकामाच्या जागी थोडी पडझड होणारच." मग म्हणाले, "तुमच्या तासाला तो आता वर्षभर तोंड उघडणार नाही. तेवढं मात्र तुमच्या ग्रंथींमुळे झालं."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी मात्र मी वर्गात जाऊन त्या मुलाची माफी मागितली. शिक्षकानं विद्यार्थ्याची माफी मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती. पोरं घाबरली.

गुळाची गोष्ट सांगितल्याशिवाय सर पुरे व्हायचे नाहीत. इन्सुलिन घेतलं आणि जेवणाला उशीर झाला, की रक्तातली साखर फार खाली जाते. माणसाला घाम फुटतो, हात कापतात आणि तो विनाकारण चिडतो. हे सर प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्याच दिवशी सांगून टाकत. "मी कारण नसताना ओरडायला लागलो, कपाळावर घाम दिसला, तर घाबरू नका. खिशातला गूळ माझ्या तोंडात घाला. मी नाही म्हणेन. ऐकू नका." असं खरंच एकदा झालं. हजेरी घेता घेता सर भलतंच बोलायला लागले, खडू भिंतीवर मारला. तेव्हा पहिल्या बाकावरच्या दोन मुलींनी सरळ उठून त्यांच्या खिशात हात घातला आणि गूळ भरवला. दहा मिनिटांनी सर भानावर आले आणि म्हणाले, "तोंडी परीक्षेचे दहा गुण दोघींना. बाकीचे अपूर्ण."

पण खानदेशातली पोरं ती. त्यानंतर ज्याचा गृहपाठ राहिलेला असायचा तो सर रागावले रे रागावले की अतिशय गंभीर चेहरा करून म्हणायचा, "सर, गूळ देऊ?" निम्म्या वेळा सर हसायचे आणि गृहपाठ बुडायचा.

आता अक्काची गोष्ट. खरं तर सरांविषयी लिहायला बसले ते अक्कामुळेच.

अक्का माझी थोरली बहीण. तिला सोनगीरजवळच्या एका खेड्यात दिली होती. आमच्या वडिलांच्या शेतात कापूस वेचताना अक्का सगळ्यांच्या दोन ओळी पुढे असायची आणि वर गाणं म्हणायची. लग्नानंतर चार वर्षांत ती बदलली. अंग सुटलं, चेहरा सुजल्यासारखा झाला, आवाज घोगरा झाला. सकाळी उठेना. काही सांगितलं की हो म्हणायची आणि तिथेच बसून राहायची. मूलबाळ नव्हतं. सासरी तिचं नाव ‘झोपाळी’ पडलं.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. ऐन वैशाखात लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि सण झाला की सासरचं माणूस येऊन लेकीला घेऊन जातं. त्या वर्षी सगळ्यांच्या लेकी गेल्या. अक्काला न्यायला कोणी आलं नाही. आठ दिवसांनी निरोप आला, "ऱ्हाऊ द्या तिले तठेच." दाजी गरीब स्वभावाचे, आईपुढे बोलायचे नाहीत. आणि त्यांच्यासाठी दुसरी मुलगी बघायला सुरुवात झाल्याचं गावात ज्याला त्याला आमच्या आधी कळलं होतं. वडील बोलेनासे झाले, आई रडायची. गावातल्या बायका विहिरीवर विचारायला लागल्या, तेव्हा मी अक्काला माझ्या अमळनेरच्या खोलीवर घेऊन आले.

आणि मी काय केलं? मीही तिला आळशी म्हटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण खरं ते खरं. सुट्टीतही उत्तरपत्रिका तपासून मी शाळेतून दमून यावं तर चूल थंड, आणि ही भर मे महिन्यात अंगावर शाल घेऊन भिंतीला टेकून बसलेली. "अगं, निदान कुकर तरी लावायचास! उगाच नाही लोक म्हणत!" असं मी एकदा ओरडले.  ती उठून कुकर लावायला गेली आणि तांदूळ घालायला विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बाविस्कर सर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा द्यायला खोलीवर आले. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी पाणी मागितलं. अक्का शाल सावरत हळूहळू पाणी घेऊन आली. पेला घेताना सरांची बोटं तिच्या बोटांना लागली. त्यांनी पेला खाली ठेवला, पाणी प्यायलेच नाहीत.

"हिला ताप आहे का?" त्यांनी मला विचारलं.

"ताप कसला सर, सवय आहे. सगळं अंगावर आलं की शाल घेऊन बसते."

 अक्काकडे वळून त्यांनी तिच्या भाषेत विचारलं, "बेटा, शाल कसाले लेल शे?"

"माले थंडी वाजस, सर," अक्का म्हणाली. तिला कोणी असं विचारल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे. ती रडायला लागली.

सरांनी तिची नाडी बघितली. घड्याळाकडे बघत बराच वेळ मनगट धरून बसले. मग मला विचारलं, "लग्नाआधी कशी होती ही?" मी कापसाच्या ओळींचं सांगितलं. गाण्याचं सांगितलं. सांगता सांगता माझाच आवाज खाली आला.

"बाई," सर म्हणाले, "वैशाखात, अमळनेरात, दुपारी तीन वाजता ज्या बाईला थंडी वाजते, ती आळशी कशी असेल? तीन वर्षं तुम्ही भिंतीपलीकडून माझा धडा ऐकताय. पाठ झाला असेल. कळला नाही."

मडक्यातल्या वाळूत पेला रुतला होता, त्याच्यापेक्षा मोठी शोभा माझी त्या दिवशी झाली. बरं झालं.

दोन दिवसांनी आम्ही धुळ्याला गेलो. सर स्वतः बरोबर आले. डॉक्टरांनी अक्काच्या गळ्याला हात लावून बघितला. तिला खुर्चीवर गुडघे टेकवून पाय लोंबते ठेवायला सांगितले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण परत जागेवर यायला त्यानं आपला निवांत वेळ घेतला. डॉक्टरांनी सरांकडे बघितलं, सरांनी मान हलवली. रक्त तपासायला मुंबईला पाठवावं लागलं, कारण ती तपासणी तेव्हा आमच्या भागात होत नव्हती. निकाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. निकाल आला. गळ्यातली अवटू ग्रंथी, म्हणजे थायरॉइड, जवळजवळ बंद पडली होती. ही ग्रंथी सगळ्या अंगाला चालण्याचा वेग देते, असं भिंतीपलीकडून मी कितीदा तरी ऐकलं होतं. तिचाच निरोप नाही, म्हणून अक्काचं सगळंच मंद झालं होतं, हृदय, आतडी, आवाज, मन. उपाय म्हणजे एक बारीकशी पांढरी गोळी. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर.

"एवढीशीच?" अक्का म्हणाली.

"निरोप केवढा असतो?" सर म्हणाले.

महिना-दीड महिन्यात अक्काची शाल उतरली. एके सकाळी मी उठायच्या आत चहा तयार होता आणि ओट्यापाशी अक्का काहीतरी गुणगुणत होती. मी डोक्यावरून पांघरूण घेतलं आणि रडून घेतलं.

पण श्रावण निम्मा सरला आणि अक्का पुन्हा मंदावली. दुपारची झोप आली, आवाज जड झाला. मी घाबरले, डॉक्टर चुकले की काय? सरांना सांगितलं. ते खोलीवर आले आणि म्हणाले, "गोळ्यांची पाकिटं दाखवा." बघतात तर निम्म्या गोळ्या शिल्लक.

अक्कानं खाली मान घालून सांगितलं. सासरच्यांनी न्यायला यावं म्हणून तिनं श्रावणात सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी आणि एकादशी धरली होती. आणि उपासाला औषध चालत नाही, हे तर आमच्या आईच्या आईपासून ठरलेलं. त्यामुळे ज्या गोळीनं ती सासरी जाणार होती, ती गोळी ती सासरी जाण्यासाठीच टाळत होती!

सर असे भडकले की मी कधी पाहिले नव्हते. "देवानं तुला सांगितलं का गोळी घेऊ नको म्हणून? तू पोटाला उपास घाल, गळ्यातल्या ग्रंथीला घालू नको! ती काही नवस बोललेली नाही!" त्यांचे हात थरथरत होते. मी सवयीनं त्यांच्या शर्टाच्या खिशाकडे बघितलं.

"गूळ नको," सर माझ्यावर ओरडले. "हा राग खरा आहे!"

मग खाली बसले. अक्काकडे न बघता हळू आवाजात म्हणाले, "मी बावीस वर्षं एकादशी करतो, बेटा. आधी सुई, मग पूजा. देव काही बोलला नाही अजून."

त्या दिवसानंतर अक्कानं एकही गोळी चुकवली नाही. दसऱ्यापर्यंत ती पुन्हा आमची अक्का झाली. पण न्यायला कोण येणार? वडिलांनी दोनदा निरोप धाडला, उत्तर नाही. दिवाळीच्या सुट्टीत सर म्हणाले, "चला, सोनगीरला जाऊ. अक्काला इथेच राहू द्या. आणि तुम्ही तिथे बोलू नका. तुम्ही मराठीच्या बाई, तुम्ही भाषण कराल."

सकाळी निघालो, पोचेपर्यंत जेवणवेळ झाली. अक्काची सासू ओट्यावर बसून ढोरांचं आंबोण कालवत होती. आम्हाला बघून तिनं तोंड फिरवलं, पण दारात आलेल्या माणसाला जेवायला घातल्याशिवाय पाठवायची रीत नाही. तिनं ताटं वाढली. वाढता वाढता बोललीच, "तुम्हनी बहीण नऊ वाजतस तरी झोपेल ऱ्हास. दोन ढोरं, पाच मानसंस्ना सैपाक. मी भी थकस ना, मास्तर. माले कोन इचारस?"

खरंच होतं ते. तिलाही कोणी विचारलं नव्हतं. सर म्हणाले, "बराबर शे, माय." मग ताटाला हात न लावता त्यांनी पिशवीतून थर्मास काढला, थर्मासमधून बाटली काढली, उकळून आणलेल्या काचेच्या सिरिंजला सुई जोडली, औषध भरलं आणि तिच्या देखत सुई स्वतःच्या पोटात टोचली. एरवी दुपारी ते कधी सुई घेत नसत. त्या दिवशी सकाळची सुई त्यांनी मुद्दाम अडवून ठेवली होती आणि सकाळपासून काही खाल्लंही नव्हतं.

बाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "माय वं! दुखत नही का, मास्तर?"

"दुखस ना. पन टोचं नही ते मी उठाव नही," सर म्हणाले. "मन्हा अंगमा एक निरोप तयारच व्हत नही, माय. तुम्हनी सूनना अंगमा दुसरा व्हत नही. माले सुई लागस, तिले गोळी. माले तुम्ही आळशी म्हनशात का?"

 दाजी दाराआड उभे होते, ते हळूच पुढे आले आणि आईशेजारी बसले. मग तिनं सरांच्या भाकरीवर तूप घातलं, मिरचीचा ठेचा वाढला आणि म्हणाली, "जेवा आधी. सुई लिधी ना, मंग उशीर नका करू." तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी समजलं. जेवण झाल्यावर एवढंच विचारलं, "पोर व्हई का तिले?"

"डॉक्टर सांगतस, अडचन नही. वचन मी देत नही."

भाऊबीज झाली आणि तिसऱ्या दिवशी अक्काची सासू स्वतः एसटीनं अमळनेरला आली. दाजींना पाठवलं नाही, स्वतः आली. अक्काची ओटी भरली, तिचा हात हातात घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. मग तिला घेऊन गेली. दोन वर्षांनी अक्काला मुलगी झाली. मी तार घेऊन सरांकडे धावत गेले. त्यांनी वाचली, घडी करून खिशात गुळाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "गरोदरपणात गोळीचं प्रमाण बदललं असेल. आता पुन्हा रक्त बघायला सांगा." मी वाट बघत होते, आज तरी ‘पूर्ण’ म्हणतील. म्हणाले नाहीत.

सर निवृत्त होऊन जळगावला मुलाकडे गेले. पंच्याण्णव-शहाण्णवच्या सुमाराला अखाजीला आलेली अक्का म्हणाली, "चाल, आबांना भेटून येऊ." ती त्यांना आबा म्हणायची. आम्ही गाडीनं जळगावला गेलो. मुलाचं घर चांगलं होतं, फ्रिज होता, पण पलंगाशेजारच्या खिडकीत ओलं फडकं गुंडाळलेलं ते मडकं होतंच. "वीज जाते हो सारखी," सरांची सून म्हणाली. "आणि त्यांचा फ्रिजवर विश्वास नाही."

सर खूप वाळले होते. डोळ्यांना कमी दिसत होतं. डाव्या पायाची दोन बोटं काढली होती. बाहेर मेचं ऊन, वर पंखा बंद, आणि सर अंगावर घोंगडी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेले.

सून वाईट नव्हती. दमलेली होती. "महिनाभर हे असंच चाललंय," ती म्हणाली. "फिरायला जा म्हटलं की नाही, जेवायला उठा म्हटलं की नंतर. आता वय झालं की माणूस आळशी होतंच."

मी काही बोलायच्या आत अक्का उठली. माझी ही बहीण परक्या घरात कधी तोंड उघडत नाही. तिनं घोंगडीखालून सरांचा हात बाहेर काढला, दोन्ही हातांत धरला आणि मग त्यांच्या सुनेला जवळ बोलावून तिच्या हातात दिला.

"बहीण, आबा आळशी नही शेतस," अक्का म्हणाली. "हात देख कसा थंडा शे. वैशाखमा थंडी वाजस, ते मानूस आळशी नही ऱ्हास. यास्ले डॉक्टरकडे लई जाय. आजच."

सुनेनं हात धरला आणि तिचा चेहरा उतरला. ती तशीच नवऱ्याच्या ऑफिसला फोन करायला बाहेर गेली. पुढे कळलं, मूत्रपिंडं थकली होती. औषधानं सरांना थोडे महिने बरे मिळाले, त्याहून जास्त नाही. पण त्या महिन्यांत त्यांना कोणी आळशी म्हटलं नाही.

त्या दुपारी सर जागेच होते. सगळं ऐकलं होतं त्यांनी. तोंड आमच्याकडे वळवून, नीट दिसत नसल्यामुळे अक्काच्या थोडं बाजूला बघत, त्यांनी विचारलं, "आज चतुर्थी ना? गोळी घेतली का?"

"घेतली, आबा. उपास भी शे, गोळी भी लिधी."

सरांनी हात पुढे केला. अक्कानं आपला हात त्यात दिला. तो त्यांनी वहीवरून बोट फिरवावं तसा सावकाश चाचपला, मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत.

"गरम शे," ते म्हणाले. आणि मग, मी अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते, "पूर्ण."

निघताना अक्कानं खिडकीतल्या मडक्यावरचं फडकं काढलं, मोरीवर जाऊन ओलं करून आणलं आणि नीट गुंडाळून त्यावर पुन्हा दगड ठेवला.